डोळे मिटून काढलेला बार

सोमवारी सकाळी रिंग रोडच्या मार्केटात मी डाव्या हाताने ताके मोजत होतो. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. शेठनी विचारलं, "शूं थयुं, भाऊ?" मी सांगितलं, पोटला उतरवताना अंगावर आला. सुरतेत हे कुणालाही पटतं. साड्यांचे पोटले उतरवताना दर आठवड्याला कुणाचं ना कुणाचं काहीतरी चेंगरतंच. शेठनी गल्ल्याखालच्या खणातून मलम काढून दिलं. जैन माणूस, दुकानात मुंग्यांची रांग लागली तर पोऱ्याला झाडू मारू देत नाहीत. शनिवारच्या रात्री मी गावाकडे रानडुकरावर बार काढला आणि हा काळानिळा डाग आमच्याच बंदुकीच्या दस्त्याचा आहे, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार?

खरी लाज मात्र शेठची नव्हती. उधना, लिंबायत, डिंडोली या भागात अर्धा खानदेश राहतो, आमच्या गावची वीसेक घरं तर एकाच सोसायटीत आहेत. बापाची बंदूक पोराला झेपली नाही, ही बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या ओट्यांवर पोचली असती. म्हणून पोटला. ही २०२१ सालच्या आश्विनातली गोष्ट, आणि पुढच्या सगळ्या चुका या एका थापेवर रचलेल्या आहेत.

आमची जमीन साक्री तालुक्यात, दहिवेलच्या अंगाला. दादा शेती करतो, मी सुरतेत हिशेब लिहितो. मका कणसात आला की शनिवारी दुपारीच मार्केटातून निघायचं. सोनगड, नवापूर, विसरवाडी, मग कोंडाईबारीचा घाट चढून रात्रीच्या आत घर गाठायचं आणि जागलीला मळ्यात जायचं. रानडुकरं मका खातात त्यापेक्षा आडवा जास्त करतात. एका रात्रीत पाच-सहा जनावरांचा कळप अर्ध्या बिघ्यावर नांगर फिरवल्यासारखं करून जातो.

बंदूक वडिलांच्या वेळची, बारा बोअरची दुनळी, पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची. वडील गेल्यावर परवाना दादाच्या नावे झाला आणि त्यात रिटेनर, म्हणजे त्याच्या वतीने बंदूक बाळगू शकणारा, म्हणून माझं नाव चढलं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली आपल्याकडे शिकार बंद आहे. हरणं, सांबरं, ससे हे सगळं आजोबांच्या गप्पांत राहिलं. पीक खाणाऱ्या रानडुकरासाठी वाट उघडी आहे: वनखात्याकडे अर्ज करायचा, लेखी परवानगी मिळाली तर तेवढ्या मुदतीत, आपल्याच शेतात मारायचं, आणि मेलेलं जनावर सरकारचं. आमच्याकडे तो कागद होता. कायद्याच्या बाजूने मी चोख होतो. नेमाच्या बाजूने काय होतो ते सांगतो.

पहिली चूक मी काडतुसांच्या दुकानातच केली. काडतुसं घ्यायला दादाबरोबर गेलो. दुकानदाराने विचारलं, कशासाठी? मी दादाच्या आधी बोललो, "डुकरासाठी. सगळ्यात जड काय आहे?" त्याने एलजी काढून दिली, मोजक्या पण हरभऱ्याएवढ्या जाड छर्ऱ्यांची. जनावर जाड कातडीचं, म्हणून काडतूस जड. हिशेब बरोबर वाटत होता. त्या हिशेबात माझा खांदा कुठेच नव्हता. मी साडेपाच फुटी, हाडापेराने बारीक, आयुष्यभर गादीवर बसून वह्या लिहिलेला. वडील सहा फूट उंच होते आणि तो लांब दस्ता त्यांच्या हाताच्या मापाचा होता.

दुसरी चूक बसण्याची. मचाणावर मी खांबाला पाठ टेकवून बसलो, आरामात. बार उडतो तेव्हा जे पुढे जातं तेच तितक्या जोराने मागे ढकलतं. उभा माणूस त्या धक्क्याबरोबर थोडा मागे झुकतो आणि धक्का अंगभर वाटला जातो. पाठीला खांब असला की झुकायला जागाच नाही, सगळा हिशेब खांद्याच्या चार बोटं जागेत चुकता होतो. तिसरी चूक बोटाची. दुनळीला दोन खटके असतात, पुढचा एका नळीचा, मागचा दुसरीचा. पहिला बार उडाला तशी बंदूक मागे आली, माझं बोट घसरून मागच्या खटक्यावर गेलं आणि दुसरी नळीही गेली. दोन्ही बार जवळजवळ एकाच क्षणी. डुक्कर कुठे होतं, कुठे गेलं, मला माहीत नाही. मी मचाणाच्या फळीवर उताणा होतो आणि कानात रातकिड्यांसारखी एक लांब शिट्टी वाजत होती. खालून दादा ओरडला, "काय व्हयनं रे?" मी म्हणालो, "दोन काढले. पळाला."

दादाला ते शौर्य वाटलं. मी ते तसंच राहू दिलं.

खांद्यावरचा डाग पंधरा दिवसांत पिवळा पडून गेला. डोक्यात जे बसलं ते गेलं नाही. पुढच्या शनिवारपासून एक नवीन गोष्ट सुरू झाली, आणि ती मलाच कळली नाही. खटका दाबायच्या आधीच्या निमिषात माझे डोळे मिटायचे आणि खांदा पुढे यायचा, येणारा मार अडवायला. सुईच्या आधी लहान मूल दंड आखडून घेतं तसं. डोळे मिटलेले असताना डोळे मिटले हे कळणार कसं? मी दोनदा बार काढला, दोन्ही वाया गेले. मी दोष दिला अंधाराला, बॅटरीला, काडतुसाच्या ओलीला. एकदा तर नळीच्या टोकावरची माशी झिजली आहे असं म्हणालो. दादाने माशी बोटाने चाचपली आणि काही बोलला नाही.

तिसऱ्या वेळी लागलं, आणि लागलं ते चुकल्यापेक्षा वाईट.

दिवाळीच्या आधीची रात्र होती. एकटा नर, खांद्याला केस उभे, मक्याच्या कडेने चालत आला. चाळीसेक पावलांवर होता. दादा हळूच म्हणाला, "येऊ दे." मी येऊ दिलं नाही. तो निघून जाईल आणि पुन्हा सुरतेला रिकामा परत जाईन, एवढंच मनात होतं. नेम खांद्यामागे धरला होता. बार निघाला तेव्हा नळी कुठे होती हे मी सांगू शकत नाही. जनावर किंचाळलं, मागून बसल्यासारखं झालं आणि शेजारच्या उसात शिरलं.

जखमी डुकरामागे रात्री उसात जाणं म्हणजे स्वतःच्या पायाने सुळ्यावर जाणं. आम्ही बांधावर बसून राहिलो. ऊस मधूनमधून हलत होता. कधी श्वासाचा घुरघुराट यायचा, कधी तासभर काहीच नाही. त्या रात्री थंडी होती आणि मला घाम येत होता. पहाटे दादाने वनरक्षकाला फोन केला. उजाडल्यावर दोघातिघांनी उसाच्या सऱ्यांतून रक्ताचा माग काढला. पाचोळ्यावर थेंब, मग एका सरीत पसरलेला डाग, मग पुन्हा थेंब. साडेदहाच्या सुमारास ते सापडलं. छर्रे पोटात आणि मागच्या मांडीत गेले होते. जिवंत होतं. डोळा उघडा, माश्या बसलेल्या, आणि आम्हाला बघून उठायचा प्रयत्न केला तर फक्त पुढचे पाय हलले.

शेवटचा बार दादाने काढला. बंदूक माझ्या हातात होती, त्याने काही न बोलता ती काढून घेतली. पंचनामा झाला, जनावर खात्याच्या ताब्यात गेलं, मी संध्याकाळच्या गाडीने सुरतेला. निघताना दादाने पहिल्यांदा बोलून दाखवलं, "तू डोया मिटी लेस." तू डोळे मिटून घेतोस. त्याने मागच्या दोन वेळाही पाहिलं होतं.

माणसाने यावरून आधी स्वतःकडे बघावं. मी बंदुकीकडे बघितलं. सगळा दोष बारा बोअरचा, असं ठरवून मी हलक्या झटक्याच्या हत्याराच्या मागे लागलो.

आपल्याकडे निवड तशी मोजकीच. परदेशी बंदुकांची आयात सामान्य परवानाधारकाला ऐंशीच्या दशकापासून बंद आहे, त्यामुळे मुख्यतः देशात जे बनतं त्यातच बघायचं: बारा बोअर, .३१५, .३०-०६ आणि .२२. तीनशे पंधराची कथा मजेशीर आहे. इंग्रजांच्या फौजेकडे .३०३ होती. फौजेतून चोरलेली काडतुसं लोकांच्या बंदुकांत चालू नयेत म्हणून फौजी मापं लोकांना वर्ज्य केली गेली, आणि .३१५ सारखं वेगळं माप चालू राहिलं. इंग्रज गेले, माप राहिलं. पंधरा-सोळा ग्रॅमची गोळी, बेताचा वेग. झटका आहे, पण जड एलजीच्या दुनळीइतका नाही. मी मात्र त्याच्याही खाली उतरलो. .२२ ला झटका जवळजवळ नसतोच, हे ऐकलं आणि माझं ठरलं. एका दुकानात विसारही देऊन बसलो.

तेवढ्यात पुतण्याचा टेक्सासहून फोन आला. तो तिकडे नोकरीला आहे आणि ऑफिसातल्या मित्रांबरोबर रानडुकरांच्या मागे जातो. तिथे त्यांचा उच्छाद आपल्यापेक्षा कैक पटीने आहे. २०१९ पासून जमीनमालकाची परवानगी असली की खासगी रानात डुक्कर मारायला शिकारीचा परवानाही लागत नाही. हरणांचं तसं नाही, त्यांचा हंगाम आणि परवाना दोन्ही पाळावं लागतं. मी त्याला .२२ बद्दल सांगितलं तर तो हसलाच. "काका, ती सशाला. इथे पोरांना, बारीक खांद्याच्या लोकांना .२४३ देतात. हरणालाही तीच, डुकरालाही तीच." विंचेस्टर कंपनीने १९५५ साली बाजारात आणलेलं हे काडतूस. गोळी जेमतेम साडेसहा ग्रॅमची, पण वेग बारा बोअरच्या दुपटीहून जास्त. मी वहीत आकडे मांडले, हिशेबनिसाची खोड. बारा बोअरमधून साधारण बत्तीस ग्रॅम शिसं जातं, बंदूक तीन किलोच्या आसपास. .२४३ ची रायफल त्याहून किंचित जड, आणि पुढे जाणारं वजन एक पंचमांश. तिचा धक्का माझ्या दुनळीच्या निम्म्याहूनही कमी भरला. .३०-०६ चा मात्र दुनळीच्या जवळ जातो. म्हणजे ज्या रायफलीच्या नावाने लोक कापतात तिच्याहून आमच्या घरची शेतकरी बंदूक मवाळ नव्हती, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी कुणाला विचारलं नव्हतं.

जिम कॉर्बेटची आठवण याच सुमारास झाली. १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल त्याला भेट मिळाली ती रिग्बीची .२७५, सात मिलिमीटरची, सौम्य झटक्याची रायफल. त्याच मापाने आफ्रिकेत बेल नावाच्या शिकाऱ्याने शेकडो हत्ती पाडले. हत्ती मारणं काही मिरवायची गोष्ट नाही, पण जड काडतूस मागून घेणाऱ्या माझ्यासारख्याला हे कळायला हवं होतं. मी मात्र त्यातून उलटा अर्थ काढला: मापं लहान चालतात तर .२२ का नाही?

त्याचं उत्तर गावातल्या सुभेदारकाकांनी दिलं. फौजेतून निवृत्त, ऐंशीला टेकलेले, बोलतात कमी. मी त्यांच्याकडे .२२ चं कौतुक सांगत होतो. त्यांनी शांतपणे विचारलं, "तुझं जनावर पोटात लागून बारा तास जगलं ना? अडीच ग्रॅमच्या गोळीने पोटात लागलं तर किती दिवस जगेल?" विसार बुडाला. दुकानदाराने परत दिला नाही, आणि मागायला मला तोंडही नव्हतं.

मग ते म्हणाले, बंदूक घेऊन ये. त्यांच्या ओळखीने रीतसर परवानगीच्या एका रेंजवर दादा आणि मी गेलो. परवान्यात पीकसंरक्षण लिहिलेलं, शेतात बसून हौसेचे बार काढता येत नाहीत. काकांनी मला पाठमोरं उभं केलं आणि बंदूक स्वतः भरली. म्हणाले, "मी भरतो, तू फक्त मार." मी वळलो, खांद्याला लावली, नेम धरला, खटका दाबला. टक्. काहीच उडालं नाही. नळीत रिकामी पुंगळी होती. आणि त्या शांततेत, झटका नसताना, मी बघितलं: नळीचं टोक वीतभर खाली गेलं होतं, उजवा खांदा पुढे आला होता आणि माझे डोळे मी नुकतेच उघडत होतो.

"बार उडायच्या आधीच तू पळून गेलास," काका म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी मला वीसेक वेळा असंच फसवलं. कधी पुंगळी, कधी खरं काडतूस, आणि खरं तेसुद्धा हलकं, चोवीस ग्रॅमचं, उडत्या तबकड्यांवर मारणारे खेळाडू वापरतात तसलं. बत्तीसच्या मानाने त्याचा धक्का एक तृतीयांशाने तरी कमी. कधी काय येईल ते ठाऊक नसल्याने अंगाला आखडायची वेळच कळेनाशी होते. बाराव्या-तेराव्या टक्ला नळी जागेवर राहिली. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. काकांनी दोन्हीकडे दुर्लक्ष केलं.

दस्त्याला रबराची गादी बसवली. दस्ता बोटभर कापून माझ्या मापाचा करून घेतला. वडिलांच्या हाताने गुळगुळीत झालेलं लाकूड कापताना सुताराने दोनदा विचारलं, नक्की ना? खांबाला पाठ लावणं बंद, मचाणावर पुढे झुकून, कोपरं गुडघ्यांवर. सुरतेत मी घराजवळच्या एका दहा मीटरच्या रेंजवर हवेची रायफल मारायला लागलो, .१७७ ची, जिला झटका म्हणावा असं काही नसतं. मोजून रोज चाळीस छर्रे. खटका दाबल्यावरही डोळे उघडे ठेवायचे आणि माशी कुठे होती ते मनात म्हणायचं, एवढाच धडा.

आणखी एक काम मी आधी करायला हवं होतं. साड्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे मार्केटात रोज फेकले जातात. त्यातले मोठे दहा-बारा मी रेंजवर नेले, त्यांवर जेवणाच्या ताटाएवढं वर्तुळ काढलं, साधारण डुकराच्या छातीतली मर्माची जागा, आणि वेगवेगळ्या अंतरांवरून एलजी मारून छिद्रं मोजली. वीस पावलांवर बहुतेक छर्रे ताटात. तीसवर निम्मे. चाळीसवर, जिथून मी त्या रात्री बार काढला होता, ताटात एक, आणि एका पुठ्ठ्यावर एकही नाही. मी तो पुठ्ठा बराच वेळ हातात धरून उभा होतो. त्या रात्री डोळे उघडे असते तरी ते जनावर असंच गेलं असतं, उसात, पोटात छर्रे घेऊन. दादाचं "येऊ दे" त्या पुठ्ठ्यावर छापलेलं होतं.

तेव्हापासून वीस पावलांच्या आत आलं तरच. न आलं तर आरडाओरडा, डबा, बॅटरी. दोन वर्षांत मी दोनच बार काढले, एकेकच. दोन्ही जनावरं तिथेच पडली. .२४३ मला कधीच मिळणार नाही, .३१५ परवडेल पण आता गरज वाटत नाही. पुतण्याने विचारलं, काका, शेवटी कोणतं माप घेतलं? मी म्हणालो, बारा बोअरच, पण बोटभर कापून.

२०२४ च्या हंगामात मात्र बंदुकीचा प्रश्नच आला नाही. ऑक्टोबरात विधानसभेची आचारसंहिता लागली, बंदूक ठाण्यात जमा करावी लागली आणि मका नेमका तेव्हाच काढणीला. डुकरांना आचारसंहिता नाही. दादाने फोन करून सांगितलं, साड्या घेऊन ये. आमच्याकडे आता बऱ्याच शेतकऱ्यांनी हे धरलं आहे: शेताभोवती खुंट्या ठोकायच्या आणि जुन्या साड्या आडव्या ताणून बांधायच्या. वाऱ्याने फडफडतात, माणसाचा वास असतो, डुक्कर थबकतं. सुरतेत बसलेल्या माणसाला साड्यांची काय कमी! मी शेठकडे डॅमेज मालाचा एक गठ्ठा मागितला, डाग पडलेल्या, छपाई सरकलेल्या, विकल्या न जाणाऱ्या साड्या.

शेठनी विचारलं, कशाला? मी म्हणालो, रानडुकरांसाठी, शेताला कुंपण. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी दोन गठ्ठे दिले, पैसे घेतले नाहीत, वर पोऱ्याला सांगून स्टँडपर्यंत हातगाडी दिली. मी निघालो तसं त्यांनी हाक मारली. "मारता तो नथी ने?" मारत तर नाहीस ना?

मी "ना" म्हणालो. त्या आठवड्यापुरतं ते खरंही होतं, बंदूक ठाण्यात होती. पोटल्याची गोष्ट मी त्यांना अजून सांगितलेली नाही.